अठ्ठ्याहत्तरच्या गाडीला ब्याऐंशीचे दिवे

"त्यात काय आहे? चार स्क्रू काढायचे, चार स्क्रू लावायचे!"

विद्याधरने हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्याच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात ब्याऐंशी सालच्या गाडीचा टेल लाइट. समोर त्याची बायको अस्मिता उभी होती. 'त्यात काय आहे' या तीन शब्दांनंतर काय होतं, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. या तीन शब्दांनंतर एकदा घरातला गिझर गेला होता, एकदा शेजाऱ्यांचा टीव्ही, आणि एकदा अख्ख्या बी विंगची वीज!

गाडी म्हणजे 'सम्राट' पिकअप, मॉडेल अठ्ठ्याहत्तरचं. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कंपनीला वेळेवर अक्कल आली, असं अस्मिताचं मत होतं. विम्याच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लोक योगासनं करतात, हार्मोनियम शिकतात. विद्याधरने एका गॅस एजन्सीवाल्याकडून ही निळी पिकअप घेतली आणि बोरीवलीतल्या आपल्या सोसायटीच्या आवारात आणून उभी केली. सकाळ-संध्याकाळ तो तिला पुसायचा. मधल्या वेळात सोसायटीतल्या बायका तिच्या हौद्यात पापड वाळत घालायच्या.

महिन्यापूर्वी पाण्याच्या टँकरने मागे येता येता सम्राटचे दोन्ही मागचे दिवे फोडले. आणि नेमकी त्याच आठवड्यात विद्याधरची थोरली बहीण उत्तरा हिच्याकडे लग्नाची बैठक होती. तिच्या मुलीचं, गंधालीचं लग्न मुलुंडच्या हॉलवर ठरलं होतं. रुखवत बोरीवलीहून मुलुंडला न्यायला टेम्पो सांगायचा का, असं उत्तराने विचारलं.

"टेम्पो?" विद्याधर ताडकन उठलाच. "सख्खा मामा जिवंत असताना टेम्पो? ताई, तुझं रुखवत माझ्या सम्राटमधून जाईल! राजासारखं!"

आता उत्तराचं रुखवत म्हणजे साधं रुखवत नव्हतं. तिच्या भिशीतल्या बायका दिवाळीपासून त्यासाठी खपत होत्या. अनारशांचा डोंगर होता, करंज्यांची शिडाची होडी होती, आणि मधोमध साखरेचं तुळशीवृंदावन, ज्याच्याकडे बघताना माणसं आपोआप श्वास रोखत.

घरी आल्यावर अस्मिताने अट घातली. "रुखवत धड पोचलं तर गाडी राहील. एक करंजी जरी मोडली, तर गाडी सरळ देवनारला! कचऱ्याच्या डोंगरावर!"

"मान्य!" विद्याधर म्हणाला. अडचण एवढीच होती की गाडीला मागचे दिवे नव्हते, आणि अठ्ठ्याहत्तरचे गोल दिवे आता पृथ्वीवर मिळत नव्हते.

ते संकट चंद्रप्रकाशने सोडवलं. चंद्रप्रकाश हा विद्याधरचा शाळेपासूनचा मित्र. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा लेथचा गाळा होता, आणि लेथ सोडून जगातल्या इतर सर्व यंत्रांबद्दल त्याला ठाम मतं होती. त्याच्या माळ्यावर ब्याऐंशीच्या सम्राटचे चौकोनी दिवे सापडले. लग्नाच्या आदल्या दिवशी तो ते घेऊन हजर झाला आणि दोघे मित्र गाडीच्या पाठीमागे फतकल मारून बसले.

स्क्रू बसले! भोकाला भोक जुळलं! विद्याधरने अस्मिताला गॅलरीत बोलावून ते दाखवलंसुद्धा. मग आल्या वायरी.

"यात कुठली कशाची, कसं कळायचं?" विद्याधरने विचारलं.

"अरे मेल्या, पिवळ्येक पिवळी, हिरव्येक हिरवी!" चंद्रप्रकाश म्हणाला. "हेच्यात डोक्या लावूसारख्या काय आसा?"

डोकं लावलंच नाही. आता तुम्हाला म्हणून सांगतो: अठ्ठ्याहत्तरच्या गाडीत पिवळी वायर असते ब्रेकची, आणि ब्याऐंशीच्या दिव्यात पिवळी वायर असते रिव्हर्सची. मधल्या काळात कंपनीने रंग बदलले होते. म्हणजे आता ब्रेक दाबला की मागे रिव्हर्सचा पांढरा दिवा लागणार. हे तुम्हाला कळलं, मला कळलं, त्या दोघांना कळलं नाही. ते तसंच राहू द्या.

विद्याधरने आत बसून ब्रेक दाबला. "लागला का रे?"

"लागलो! लख्ख!"

लाल की पांढरा, हे याने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दिवा लागल्याच्या आनंदात दोघांनी मिठ्या मारल्या. मग चंद्रप्रकाशने पिशवीतून एक काळा डबा काढला. "ह्यो माजो आहेर! रिव्हर्स हॉर्न! बाई बोलता हेच्यात!"

त्याने तो हॉर्न नव्या दिव्यातल्या रिव्हर्सच्या बल्बला जोडला आणि हौद्याखाली तारेने बांधला. विद्याधरने रिव्हर्स गिअर टाकून पाहिला. बाई गप्प. पुन्हा टाकला. बाई गप्पच. अठ्ठ्याहत्तरच्या गाडीत रिव्हर्सच्या दिव्याची सोयच नव्हती, मग बाई बोलणार कशी? पण मित्रांनी निष्कर्ष काढला की माल डुप्लिकेट आहे, आणि हॉर्न तिथेच लटकत ठेवून ते चहा प्यायला गेले.

लग्नाच्या सकाळी रुखवत हौद्यात चढलं. खाली दोन गाद्या, बाजूने उशा. राखणीला चंद्रप्रकाश मागे बसला, सिल्कच्या झब्ब्यात. अस्मिता पैठणी सावरत पुढे बसली. तिच्या पायाशी एक वीट होती. सम्राटचा हँडब्रेक शोभेपुरता असल्यामुळे गाडी उभी केली की चाकाखाली वीट लावावी लागे. विद्याधरने दिव्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि निघाला.

सोसायटीच्या फाटकाशी त्याने ब्रेक दाबला, तोच कुठूनतरी एक गोड, करडा बायकी आवाज आला. "ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!"

"कोण मागे येतंय?" अस्मिता दचकली.

"टँकर असेल मेला!" विद्याधरने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. टँकर कुठेच नव्हता. तो पुढे निघाला.

हायवेला पहिल्याच सिग्नलला पुन्हा तेच. "ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!" विद्याधरने समोरच्या ट्रककडे संशयाने पाहिलं आणि ब्रेक आणखी घट्ट दाबला. बाई आणखी बोलू लागली. जोगेश्वरीच्या वळणावर बाई. पवईच्या चढावर बाई. जिथे म्हणून विद्याधर सावध होऊन ब्रेक दाबे, तिथे म्हणून कोणीतरी मागे येत असे!

"आज काय अख्ख्या मुंबईने रिव्हर्स टाकलाय?" तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

"अहो, पण बाई एकच आहे. आवाज तोच."

"हॉर्न एकाच कारखान्यात बनतात गं!"

अस्मिताला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मागे मात्र चमत्कार चालला होता. सम्राट थांबली की तिच्या मागे दोन रिक्षा मावतील एवढी जागा आपोआप रिकामी होई. आरशात ते पाहून विद्याधरची छाती फुगली. "बघितलंस? जुन्या गाडीला लोक अजून मान देतात!" एक रिक्षावाला तर रिक्षा सोडून फुटपाथवर जाऊन उभा राहिला. मानाचा हा प्रकार विद्याधरला जरा अती वाटला.

पवईला एका ट्रॅफिक हवालदाराने तर कमालच केली. त्याने शिट्टी फुंकून मागची सगळी वाहनं अडवली, रस्ता मोकळा केला आणि विद्याधरला हाताने खुणावू लागला. "या, या, येऊ द्या! अजून मागे! येऊ द्या!" विद्याधरने त्याला सलाम ठोकला आणि गाडी पुढे काढली. हवालदार शिट्टी तोंडात तशीच धरून गाडीकडे बघत राहिला.

मागून चंद्रप्रकाश मधूनमधून केबिनच्या काचेवर आनंदाने थापा मारत होता. म्हणजे रुखवत ठीक आहे, असं समजून विद्याधर पुढे जात राहिला.

मुलुंडला हॉलच्या गल्लीत शिरताना आरशात फुलांनी सजवलेली एक बस दिसली. नवरदेवाची! घाटकोपरहून वऱ्हाड अगदी वेळेवर आलं होतं. गल्ली एवढी अरुंद की बस सम्राटच्या मागोमागच येऊ शकत होती. हॉलच्या फाटकात उत्तरा आरतीचं तबक घेऊन उभी होती, शेजारी तिचे यजमान मुकुलराव फेटा बांधून, आणि सनईवाल्यांनी गाल फुगवून तयारी केली होती.

फाटकाच्या ऐन तोंडावर कुणीतरी मोराची प्रचंड रांगोळी काढून ठेवली होती. मोरावरून गाडी कशी न्यायची? विद्याधर थांबला आणि ब्रेकवर पाय रोवून बसून राहिला.

"ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है! ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!"

बसचा ड्रायव्हर सज्जन माणूस होता. लग्नाची गाडी, पांढरे दिवे लागलेत, मागे येते म्हणते आहे. त्याने बस मागे घेतली. तरी बाई थांबेना. त्याने आणखी मागे घेतली. बाई ऐकेचना! शेवटी बिचाऱ्याने बस मागे नेत नेत गल्लीबाहेर काढली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी केली.

फाटकातून जे दिसलं ते एवढंच: नवरदेवाची बस दारापर्यंत आली आणि उलट पावली परत गेली.

सनई मध्येच फुस्स झाली. कुठल्याशा आत्याने किंकाळी फोडली. "वऱ्हाड परत फिरलं गं बाई!"

मुकुलरावांनी कपाळावर हात मारला. त्याला कारण होतं. हॉलमध्ये एसी खोली एकच होती, ती वरपक्षाला देण्याऐवजी त्यांनी आदल्या रात्री गुपचूप आपल्या मावशीला दिली होती. "मार्तंडरावांना कळलं!" ते पुटपुटले. मार्तंडराव म्हणजे नवरदेवाचे काका. गृहस्थ कमी बोलत आणि भिवया जाड असल्यामुळे रागावल्यासारखे दिसत. मुकुलरावांनी फेटा काढून हातात घेतला आणि मोर तुडवत धावत सुटले. मागे तबकासकट उत्तरा. तिच्यामागे सनईवाले.

"काय झालं? काय झालं?" विद्याधर खिडकीतून ओरडला. कुणी थांबेना. अस्मिताने उतरून चाकाखाली वीट लावली, त्याने ब्रेक सोडला, बाई गप्प झाली, आणि तीही दोघं धावली. कुठे आणि कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावर बस उभी होती. मार्तंडराव नुकते खाली उतरत होते.

"चुकलं माझं!" मुकुलरावांनी फेटा त्यांच्या पायाशीच ठेवला. "एसी खोली तुमचीच आहे! मावशीला आत्ता बाहेर काढतो!"

"कुठली एसी खोली?" मार्तंडराव म्हणाले. त्यांच्या भिवया वर गेल्या. मुकुलरावांना वाटलं, हा टोमणा आहे.

"आणि मानाच्या साड्या बदलून देते!" उत्तरा तबक सावरत म्हणाली. "सेलमधल्या नको घेऊ म्हणत होते मी, पण..."

"सेलमधल्या?" बसच्या दारातून नवरदेवाच्या आईने विचारलं. तिने तीच साडी नेसली होती. तिने एकदा पदराकडे पाहिलं, एकदा हात जोडलेल्या या सगळ्या माणसांकडे पाहिलं, आणि तिचाही चेहरा पडला. मुलीकडचे एवढी माफी मागतायत, म्हणजे नक्की टोचून बोलतायत! "तुम्हाला आमच्या सुयोगचं कळलं वाटतं?"

"सुयोगचं काय?" उत्तरा तबकासकट पुढे सरकली.

"आम्ही म्हटलं होतं ना, मुलाला सगळा स्वयंपाक येतो? त्याला नुसता चहा येतो हो! आणि तोसुद्धा..."

"पाणचट," मागून आवाज आला. नवरी मुलगी गंधाली शालू वर खोचून तिथे येऊन उभी राहिली होती. "मी प्यायलेय. मला माहितीय. आई, बाबा, तुम्ही सगळे रस्त्यात काय करताय?"

बसच्या खिडकीतून मुंडावळ्या बांधलेला सुयोग बाहेर डोकावला. "गंधाली, काय झालंय गं? सगळे सॉरी का म्हणतायत?"

"मला काय माहीत! तू परत का चाललास?"

"मी कुठे चाललोय? बस चाललीये!"

तेव्हा कुठे गंधालीने जगात कुणालाच न सुचलेली गोष्ट केली. ती ड्रायव्हरकडे गेली आणि तिने विचारलं, "दादा, तुम्ही बस मागे का घेतली?"

"आता काय करू ताई?" ड्रायव्हर कावला होता. "पुढची निळी गाडी एवढी बोंबलत होती ना, पीछे आ रही है, पीछे आ रही है!"

सगळ्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधरने अस्मिताकडे पाहिलं. पवईचा हवालदार, फुटपाथवरचा रिक्षावाला आणि ती एकच एक बाई, हे सगळं अस्मिताच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत गेलं.

सारी मंडळी सम्राटच्या मागे जमली. विद्याधरने चढून ब्रेक दाबला. "ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!" पांढरे दिवे लख्ख! हौद्यातून चंद्रप्रकाशने दोन्ही हात वर केले. "चालू आसा! माजो हॉर्न बोरीवलीपासून चालू आसा! माका वाटला, तू मुद्दाम वाजवतंस!"

हसून हसून सनईवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वऱ्हाड पुन्हा वाजतगाजत फाटकातून आत गेलं. मावशी एसी खोलीतून बाहेर आल्या. आणि उत्तराने हौद्याची मागची फळी खाली पाडून रुखवत तपासलं, तेव्हा एकही करंजी मोडली नव्हती! अनारशांचा डोंगर शाबूत, वृंदावन जसंच्या तसं!

"मोडणार कशी?" विद्याधर तरंगायलाच लागला. "अख्ख्या रस्त्यात मागून कुणी जवळ आलंय का? मी तर म्हणतो, ही वायरिंगची पद्धतच पेटंट घेण्यासारखी आहे! काय अस्मिता? अट आठवते ना?"

"आठवते," अस्मिता नाइलाजाने म्हणाली. गाडी राहिली!

आता फक्त रुखवत उतरवायचं होतं. त्यासाठी गाडी थोडी मागे, बाजूच्या दाराशी लावायची. चंद्रप्रकाश खाली उतरला, वीट काढली, आणि विद्याधरने ऐटीत रिव्हर्स टाकला.

गाडी खरोखरच मागे निघाली. बिनआवाजी, दिव्याविना. सकाळपासून बाई बोलली की गाडी मागे येते, एवढं आता लहानथोर सगळ्यांना पाठ झालं होतं. बाई बोलत नव्हती, म्हणजे गाडी येत नव्हती. मार्तंडराव गाडीकडे पाठ करून फोनवर केटररशी बोलत उभे होते. फळी उघडीच होती. ती अलगद त्यांच्या गुडघ्यांमागे लागली आणि मार्तंडराव खुर्चीत बसावं तसे मागे बसले, थेट अनारशांच्या डोंगरावर. करंज्यांची होडी बुडाली. साखरेचं वृंदावन जरा डुललं, आणि मग त्यांच्या मांडीवर कोसळलं.

"अहो, थांबा!" अस्मिता किंचाळली. विद्याधरने ब्रेक दाबला.

"ध्यान दीजिए!" बाई म्हणाली. "गाडी पीछे आ रही है!"

मुकुलराव धावतच आले. ते हात जोडून पुढे झाले. "मार्तंडराव, मागाल तो मान देतो. काही म्हणजे काही मागा! पण लग्न होऊ द्या."

मार्तंडरावांनी मांडीवरचा साखरेचा तुकडा उचलून तोंडात टाकला. हौद्यावरून हात फिरवला. खाली वाकून दिव्यांकडे पाहिलं. त्यांच्या भिवया पहिल्यांदाच खाली आल्या. "अठ्ठ्याहत्तरची सम्राट," ते म्हणाले. "आमच्या वखारीत अशीच होती. मी गाडी शिकलो तिच्यावर. हे दिवे ब्याऐंशीचे आहेत. मूळचे गोल. माझ्या माळ्यावर आहे जोडी." त्यांनी हौद्यावर थाप मारली. "मान द्यायचाच असेल तर ही द्या."

"दिली!" मुकुलराव म्हणाले.

"भावोजी!" विद्याधरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो, ती... ती माझी..."

"दिली, दिली!" अस्मिता त्याच्याहून मोठ्याने म्हणाली. तिच्या हातात एक मोडकी करंजी होती आणि ती तिने विद्याधरच्या डोळ्यांसमोर धरली. "देवनारपेक्षा घाटकोपर बरं!"

लग्न लागलं. विद्याधरने मामा म्हणून गंधालीला बोहल्यावर नेलं, पण त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. जेवणात जिलबी होती, ती त्याने खाल्लीच नाही. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मार्तंडरावांनी बस नाकारली. स्वतः सम्राटच्या स्टिअरिंगवर बसले आणि नवरानवरीला शेजारी बसवलं. विद्याधर ढसाढसा रडू लागला. बायका म्हणाल्या, मामाचं काळीज ते, भाचीवर किती जीव! गंधालीने गळ्यात पडताना त्याच्या कानात सांगितलं, "मामा, मी आहे ना तिकडे. रविवारी ये तिला पुसायला." मग तर त्याला हुंदकाच आवरेना.

विद्याधरने चाकाखालची वीट काढली आणि सम्राट निघाली. मागे चंद्रप्रकाश हात हलवत होता, उत्तरा डोळे पुसत होती. गल्लीच्या कोपऱ्यावर मार्तंडरावांनी ब्रेक दाबला. पांढरे दिवे लागले.

"ध्यान दीजिए! गाडी पीछे आ रही है!"

विद्याधरचा चेहरा एकदम उजळला. तो लगबगीने दोन पावलं पुढे झाला. गाडी वळली आणि घाटकोपरच्या दिशेने निघून गेली.

"चला आता," अस्मिता म्हणाली. "ती काही येत नाही पीछे. आणि ती वीट ठेवा हो खाली!"